शेल्याची टाकी, द्राक्षबागेची लॅटरल

१५ नोव्हेंबर २०२३, भाऊबीज

ताई ओवाळायला आली ती भाचीसाठी फिशटँकचा 'फुल सेट' घेऊन. दीड फूट लांब, दहा इंच रुंद, बारा इंच उंच अशी काचेची टाकी. सोबत फिल्टर, हीटर, निळे खडे आणि प्लास्टिकचा एक किल्ला. निळे खडे आणि किल्ला परस्पर माळ्यावर टाकले. लेकीला अजून पत्ता नाही.

नदीची जाड वाळू चाळून, धुऊन घातली. पाणी बादलीने मोजून ओतलं, २६ लिटर बसलं. हा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे.

१७ नोव्हेंबर

मासा आणला. फायटर, नर, जांभळा, शेपटीला सोनेरी कड. लेकीने नाव ठेवलं शेला. नाव झकास जमलंय. पोहतो तेव्हा खांद्यावरून शेला घसरावा तशी शेपटी मागे लोळते.

खरं तर टाकी महिनाभर नुसती चालवून मग मासा आणायला हवा होता. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया होतो, त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात बसायला चार-सहा आठवडे लागतात. हे मला माहीत होतं. पण दुकानात काचेच्या इवल्याशा भांड्यात ठेवलेला मासा आणि शेजारी उभी आठ वर्षांची मुलगी, यांच्यापुढे माहिती टिकत नाही. शिक्षा म्हणून दर दोन दिवसांनी सहा-सात लिटर पाणी बदलायचं, नळाच्या पाण्यात क्लोरीन मारायचं औषध घालून.

१८ नोव्हेंबर

"बाबा, तो ढकलला जातोय."

खरंच. फिल्टर डाव्या कोपऱ्यात, तोंड उजवीकडे. शेला त्या झोतासमोर आला की शेपटी छत्री उलटी व्हावी तशी पुढे येते आणि तो थेट उजव्या काचेवर जातो. तिथून खाली, वाळूवरून परत डावीकडे, मग पुन्हा वर. वॉशिंग मशीनमधल्या मोज्यासारखा. दोन फेऱ्या झाल्या की हीटर आणि काचेच्या फटीत जाऊन बसतो. श्वासापुरता वर येतो आणि परत फटीत.

श्वासाचं महत्त्व यासाठी की फायटरला कल्ल्यांच्या जोडीला डोक्यात एक वेगळा अवयव असतो, त्याने तो वरची हवा घेतो. त्यासाठी सारखं पृष्ठभागावर यावं लागतं. मूळचा हा मध्य थायलंडमधल्या भातखाचरांचा आणि संथ कालव्यांचा रहिवासी. आपल्या इगतपुरीकडच्या खाचरांत पावसाळ्यात साचतं तसं पाणी, गुडघाभर, गवताने भरलेलं, जागचं न हलणारं. थायलंडने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर ठरवलं. त्यातही ही लांब शेपटी माणसाने निवडून निवडून वाढवलेली. रानातल्या फायटरची शेपटी आखूड असते, तो बिचारा निदान पोहू तरी शकतो.

फिल्टरच्या खोक्यावर लिहिलंय ताशी ६०० लिटर. खोक्यावरचा आकडा रिकाम्या पंपाचा असतो, स्पंज भरला की उतरतो. म्हणून मोजलं. तोंडाला नळीचा तुकडा लावला, एक लिटरचा मग टाकीतच अर्धा बुडवून धरला आणि मोबाइलवर वेळ लावली. ९ सेकंदांत मग भरला. म्हणजे ताशी ४०० लिटर. २६ लिटरची टाकी तासाला पंधरा वेळा फिरतेय. सर्वसाधारण टाकीला चार ते सहा वेळा पुरे म्हणतात.

झोताचा वेगही काढला. तोंड १२ मिलिमीटरचं, त्यातून सेकंदाला १११ मिलिलिटर पाणी, म्हणजे तोंडाशी सेकंदाला जवळपास एक मीटर. शेपटीसकट अडीच इंचांच्या माशासाठी हा पूर आहे.

पृष्ठभागावरचा वेग मोजायला एक मुरमुरा सोडला. डाव्या काचेपासून उजव्या काचेपर्यंत ४५ सेंटिमीटर, ३ सेकंद. यापुढे हेच माप: लिटरला किती सेकंद आणि मुरमुऱ्याला किती सेकंद. (मुरमुरा लगेच काढून घ्यायचा. शेल्याने एकदा चोच मारलीच.)

१९ नोव्हेंबर

सोपे उपाय आधी. फिल्टरवर बटण आहे, ते अगदी कमीवर आणलं. लिटरचा मग भरायला १२ सेकंद, म्हणजे ताशी ३००. मुरमुरा ४ सेकंदांत पलीकडे. माशाला काडीचा फरक नाही.

मग फिल्टरचं तोंड कोपऱ्याकडे वळवलं, झोत काचेवर आपटून मरेल म्हणून. झोत मेला नाही, त्याने वळण घेतलं. आता सगळी टाकीच गोल फिरू लागली. कोपऱ्यातली वाळू उडून खाली काच दिसायला लागली, वाटीएवढा खड्डा. परत होतं तसं केलं.

२१ नोव्हेंबर

तोंडावर स्पंजाचा तुकडा रबरबँडने बांधला. हा उपाय सगळेच सांगतात आणि पहिल्या तासात तो अप्रतिम वाटतो. मुरमुरा १४ सेकंद. शेला फटीतून बाहेर, लेक खूश, मी त्याहून खूश.

२३ नोव्हेंबर

सकाळी स्पंज वर तरंगत होता, रबरबँड वाळूत. स्पंज गाळाने भरत गेला, मागे दाब वाढला आणि रात्रीत केव्हातरी बूच उडालं. त्या धक्क्यात शेला फिल्टरच्या खालच्या फटींपाशी ओढला गेला असावा. शेपटीच्या खालच्या कडेला नखाएवढा तुकडा गायब आहे. लेकीला सांगितलं परत येतो. येतोही, पाणी स्वच्छ असेल तर.

दुसरी चूक आजच करून मोकळा झालो. पाणी बाहेर पडतं तिथे अडवण्याऐवजी आत शिरतं तिथेच अडवू, म्हणून खालच्या फटींभोवती मलमलचं फडकं दोन पदरी गुंडाळलं. दहा मिनिटांत पंप खडखडायला लागला. असल्या पंपात चुंबकावर फिरणारं पातं असतं. त्याला बाहेरच्या बाजूने अडवलं तर तो गुमान कमी पाणी देतो, आतल्या बाजूने उपाशी ठेवला तर पातं हवा आणि पाणी एकत्र चावत बसतं आणि तापतं. फडकं काढलं.

२६ नोव्हेंबर

दुपारनंतर आभाळ फाटलं. अवकाळी, वीज, वारा. निफाडकडे गारा पडल्याचे फोन संध्याकाळपासून येताहेत. मामांची द्राक्षबाग तिकडेच. त्यांचा फोन लागत नाही.

आठ वाजता वीज गेली, ती एकला आली. साडेनवाच्या सुमारास मेणबत्ती घेऊन टाकीपाशी गेलो. मोबाइलचा उजेड टाकला तर शेला टाकीच्या बरोबर मध्ये. पर पूर्ण उघडे, शेपटी खाली सैल सोडलेली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रमतगमत गेला, वाळू हुंगली, वर येऊन हवा घेतली, परत गेला. नऊ दिवसांत पहिल्यांदा पूर्ण टाकी वापरताना बघितला त्याला. म्हणजे मासा आजारी नाही, हीटरशी त्याची सलगी हौसेची नव्हती.

एकला वीज आली, फिल्टर घुर्रर्र झाला आणि तो सरळ फटीत.

२७ नोव्हेंबर

मामा बोलले. बाग लवकर छाटलेली होती, मणी भरले होते, गारांनी फोडले. किती गेलं ते आताच सांगता येत नाही म्हणाले. शनिवारी जायचं ठरलं.

मासेवाल्या दुकानात विचारलं तर सल्ला मिळाला, "रात्री फिल्टर बंद ठेवा, दिवसा चालू." कालचा अनुभव पाहता मोह झाला. पण स्पंजातल्या जिवाणूंना वाहतं पाणी म्हणजे वाहता प्राणवायू. डबा बंद, पाणी थांबलेलं, आत गाळ, अशा अवस्थेत आठ-दहा तास गेले की आत सडायला लागतं आणि सकाळी बटण दाबताच ते सगळं माशाच्या अंगावर. काल रात्रीही फिल्टर चालू करण्याआधी स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळायला हवा होता, ते सुचलं नाही. आज सहा लिटर पाणी बदललं.

त्याच दुकानात हवेवर चालणारा स्पंज फिल्टरही दाखवला. त्यात पंप फक्त हवा सोडतो, बुडबुडे नळीतून वर जाताना पाणी आपल्यासोबत खेचतात आणि पाणी स्पंजातून हळूहळू येतं. झोत जवळजवळ नाही, मासा ओढला जाण्याचा प्रश्न नाही, किंमतही किरकोळ. एका फायटरसाठी नव्याने सामान घेणाऱ्याने हाच घ्यावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मग मी का नाही घेत? एक, हवेचा पंप रात्रभर गुणगुणतो आणि टाकी आईच्या खोलीला लागून आहे. दोन, जुन्या फिल्टरमध्ये जिवाणू आत्ता कुठे बसायला लागलेत, तो काढायचा तरी दोन्ही महिनाभर जोडीने चालवावे लागतील. तीन, माझे हात शिवशिवताहेत. तिसरं कारण बायकोने ओळखलं.

२ डिसेंबर, निफाड तालुका

बागेत फिरलो. घडांवर गारांचे डाग, फुटलेल्या मण्यांना माश्या, तारेखाली गळालेल्या पानांचा थर. मामा काही बोलत नव्हते. फुटके मणी छाटायचं काम चालू होतं, बायका कात्र्या घेऊन ओळीने बसल्या होत्या. तासभर आम्हीही बसलो. मामी म्हणाल्या, "पोरीला आणायचं ना." नाही आणलं तेच बरं.

जेवणानंतर मामांनीच विषय काढला, शहरात काय चाललंय म्हणून. मला माशाचं सांगायची लाज वाटत होती, पण सांगितलं. ते बराच वेळ ऐकत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे पाणी जास्त नाही तुझं. एका जागी पडतंय."

शेडमध्ये घेऊन गेले. लॅटरलची, म्हणजे ठिबक सिंचनाच्या नळीची, भेंडोळी होती. एक इनलाइन, तिच्यात ठरावीक अंतरावर ड्रिपर आतच बसवलेले असतात, ती माझ्या कामाची नाही. दुसरी कोरी १६ मिलिमीटरची. बागेतून काढलेले जुने तुकडे फुकट पडले होते, पण त्यांतून विद्राव्य खतं आणि आम्ल गेलेलं असतं आणि वरून बोर्डोची फवारणी. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचुदातलं तांबं माशाला थोडंही सोसत नाही. मामांनी न वापरलेल्या भेंडोळ्यातून दोन मीटर कापून दिली. वर एक टी (तीन तोंडांचा जोड), दोन जॉइनर आणि टोक बंद करायच्या चष्म्यासारख्या चार रिंगा. नळीचं टोक दुमडून रिंगेत घालायचं, झालं बंद.

"भोकं सारखी पाड," म्हणाले. "शेवटच्या झाडाला कमी मिळतं नेहमी. शेवटी भोकं जवळ घे."

३ डिसेंबर

दिवसभर हेच केलं. रविवार सार्थकी.

नळी रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेवली होती, सकाळी दोनदा कढत पाण्याने विसळली. फिल्टरच्या तोंडावर बसेना. टोक मिनिटभर कढत पाण्यात धरलं की मऊ पडतं, मग फिरवत दाबली तर घट्ट बसली. गार झाल्यावर उपटून निघत नाही.

भोकांसाठी दाभण. पोती शिवायचं दाभण गॅसवर तापवून नळीत घातलं तर भोक पडतं, पण कडेला वितळलेल्या प्लास्टिकची वळी राहते आणि भोक वाकडं होतं. पहिल्या चार भोकांनंतर शेजाऱ्यांकडून ड्रिल आणला, ३ मिलिमीटरचं पातं. भोकं एका सरळ रेषेत यावीत म्हणून नळीवर आधी चिकटपट्टी लावून तिच्या कडेने खुणा केल्या. नळी मुळात भेंडोळ्यात गुंडाळलेली, वाकडीच असते. तिच्या आत लाटणं घालता येत नाही हे अनुभवाने कळलं. कढत पाणी ओतून, सरळ पट्टीला बांधून गार केली.

३५ सेंटिमीटरमध्ये २८ भोकं. मामांच्या सांगण्याप्रमाणे शेवटच्या सहा भोकांमधलं अंतर कमी ठेवलं. नळी मागच्या काचेला समांतर, पाण्याच्या पातळीखाली दोन बोटं, फिल्टर डाव्या कोपऱ्यात होता तसाच.

चालू केलं. उलटंच झालं! फिल्टरजवळच्या भोकांतून पाणी झिरपल्यासारखं आणि शेवटच्या आठ-दहा भोकांतून पिचकारी. उजवा कोपरा आधीपेक्षा वाईट. शेला परत फटीत.

५ डिसेंबर

मामांना फोन केला. ते हसले, म्हणाले बागेत असं कधी पाहिलं नाही. दोन दिवस डोकं खाजवून आता थोडं उमगलंय.

बागेतली ओळ शे-दोनशे फूट लांब. एवढ्या लांबीत नळीच्या भिंतीशी घासून पाण्याचा दाब संपत जातो, म्हणून शेवटच्या झाडाला कमी. माझी नळी दीड फुटाची, घासायला जागाच नाही. शिवाय ड्रिपर थेंब थेंब सोडतो, त्यामुळे लॅटरलमधलं पाणी संथ असतं. माझ्या नळीत ते सुसाट जातं. सुसाट जाणाऱ्या पाण्याला वाटेतल्या भोकांतून काटकोनात वळून बाहेर पडायचं नसतं, ते सरळ जाऊन बंद टोकावर आपटतं आणि तिथे त्या धावेचा दाब होतो. म्हणून पिचकारी टोकाला.

त्यात मी भोकं फार पाडली. ३ मिलिमीटरच्या भोकाचं तोंड सुमारे ७ चौरस मिलिमीटर, २८ भोकांचं मिळून १९८. नळीचं आतलं तोंड जेमतेम १४५. भोकांची बेरीज नळीच्या तोंडापेक्षा मोठी झाली की नळीत दाब साठतच नाही, पाणी धावत शेवटापर्यंत जातं आणि वाटणी बिघडते. भोकांची बेरीज नळीच्या तोंडापेक्षा बरीच कमी हवी.

भोकं बुजवता येतील, पण मग तेवढंच पाणी कमी भोकांतून जोरात येणार. दुसरा मार्ग मामांच्या पिशवीतच होता: टी. पाणी मधून सोडायचं. दोन्ही हातांना निम्मं निम्मं पाणी, म्हणजे नळीतली धाव निम्मी.

९ डिसेंबर

नळी मधोमध कापली, टी बसवली. टीच्या दांड्यांवर दोन्हीकडची दोन दोन भोकं झाकली गेली, उरली बारा-बारा. एका हाताची भोकं मिळून ८५ चौरस मिलिमीटर, नळीचं तोंड १४५. आता हिशेब बरोबर.

फिल्टर कोपऱ्यातून काढून मागच्या काचेच्या मध्यावर चिकटवला. त्याचं तोंड समोर, त्यावर चार सेंटिमीटरचा तुकडा, त्यापुढे टी, दोन हात डावी-उजवीकडे. भोकांची तोंडं मात्र मागे, काचेकडे. पाणी आधी काचेवर पसरतं आणि मग काचेवरून सरकत टाकीत येतं. चोवीसही धारा सारख्या. मी पाच मिनिटं नुसता बघत बसलो.

मुरमुरा सोडला. तो सरळ गेलाच नाही. थोडा पुढे, थोडा बाजूला, अर्ध्या मिनिटाने उजव्या काचेला लागला.

आता महत्त्वाचं माप. नळी पाण्याच्या जरा वर उचलली, खाली परात धरली आणि जमलेलं पाणी मोजलं. लिटरला ११ सेकंद. म्हणजे ताशी सुमारे ३३० लिटर! बटण कमीवर आणलं होतं तेव्हा ३०० होते आणि मासा गटांगळ्या खात होता. आज पाणी त्याहून जास्त फिरतंय आणि मासा मध्यावर तरंगतोय. तोंडाशी वेग फक्त निम्म्यावर आलाय. पण झोत आपला मधला वेग साधारण तोंडाच्या व्यासाच्या सहापट अंतरापर्यंत टिकवतो, नंतर उतरत जातो. १२ मिलिमीटरचा झोत सात सेंटिमीटर अंगात रग घेऊन जातो आणि पलीकडच्या काचेपर्यंत पोचतो. ३ मिलिमीटरचा दोन सेंटिमीटर गेला की दमायला लागतो आणि इथे तर त्याच्यासमोर काचच आहे. मामा हे शेडमध्ये उभ्याउभ्या बोलून गेले होते.

ओढीच्या बाजूलाही हेच केलं. फिल्टरच्या खालच्या फटींभोवती मोठ्या छिद्रांच्या स्पंजाची गोल बाही कापून घातली. मलमल आणि हा स्पंज यांत फरक असा की इथे पाणी शिरायला फटींच्या दसपट जागा आहे, त्यामुळे पंप उपाशी राहत नाही आणि कुठल्याही एका जागी ओढ लागत नाही. शेला बाहीला टेकून गेला, शेपटी चिकटली नाही.

१२ डिसेंबर

लेक शाळेतून आल्या आल्या ओरडली. उजव्या कोपऱ्यात पृष्ठभागावर फेसाचं घरटं, रुपयाएवढं. नर फायटर अंड्यांसाठी तोंडाने बुडबुडे रचून करतो ते. मासा सुखात असल्याची ही खूण म्हणून आत्याला, आजीला, मैत्रिणींना फोटो गेले.

मी खाली वाकून बघितलं तर पृष्ठभागावर तेलकट साय. घरटं टिकलं होतं ते त्या सायीमुळेही. अमोनियाची चाचणी केली, रंग पिवळ्यावरून हिरवट, ०.५. समोरच्या उजव्या कोपऱ्यात विष्ठेचा नि अन्नाचा ढीग साठलेला. फायटर वाईट पाण्यातही घरटं बांधतो, घरट्याच्या भरवशावर पाणी तपासायचं सोडू नये. लेकीला हे आत्ता सांगितलं नाही. आठ लिटर पाणी बदललं, घरट्याला धक्का न लावता. त्याला अर्धा तास जास्त लागला.

१४ डिसेंबर

पहाटे थंडी वाजून जाग आली, घरात १७ अंश. टाकीचा थर्मामीटर हीटरजवळ २७ दाखवत होता. सहज उचलून दुसऱ्या टोकाला लावला. २३.

झोत होता तेव्हा तो ऊनपाणी सगळीकडे ढवळत होता. झोत गेला तशी गरम पाण्याची वस्ती एकीकडे, गार पाण्याची एकीकडे. म्हणजे मी प्रवाह मारताना दोन कामाच्या गोष्टीही मारल्या: ऊब वाटणं आणि गाळ फिल्टरपर्यंत नेणं. सायही त्यातलीच.

१७ डिसेंबर

तीन दुरुस्त्या.

हीटर कोपऱ्यातून काढून मागच्या काचेवर, उजव्या हाताच्या नळीखाली आडवा लावला. धारा काचेवरून उतरतात त्या आता हीटरवरूनच जातात. (हा हीटर आडवा, पूर्ण बुडवून चालतो असं त्याच्या कागदावर लिहिलं आहे, ते आधी वाचलं. हात घालण्याआधी प्लग काढला आणि हीटर गार व्हायला पंधरा मिनिटं थांबलो.) शेल्याची लाडकी फटही त्यामुळे गेली.

नळी जराशी फिरवली. धारा आधी काचेवर काटकोनात पडत होत्या, आता किंचित वर तोंड करून पडतात. पृष्ठभाग थरथरतो, उसळत नाही. वरण उकळायच्या आधी जसं हलतं तसा.

समोरच्या उजव्या कोपऱ्यासाठी डाव्या हाताची शेवटची दोन भोकं बुजवली आणि उजव्या हाताच्या टोकाला समोरच्या बाजूने, खाली वाळूकडे तोंड करून एकच भोक पाडलं. वाळूचा कण हलत नाही, पण हलकी घाण सरकते आणि फिरत मध्यावर येते, तिथून फिल्टरच्या बाहीत.

संध्याकाळी दोन्ही टोकांना थर्मामीटर: २६.५ आणि २६. मुरमुरा २० सेकंद. पूर्वीपेक्षा जोर थोडा वाढला, चालेल. साय रात्रीपर्यंत निम्मी गेली. घरटं मोडलं. लेक रुसली आहे.

२४ डिसेंबर

अमोनिया शून्य, नायट्राइट ०.२५. जिवाणू बसताहेत.

शेल्याच्या शेपटीला फाटलेल्या जागी पारदर्शक कड आली आहे, काचेसारखी. रंग नंतर भरतो. झाडं घातली: लाकडाच्या तुकड्याला दोऱ्याने बांधलेलं जावा फर्न आणि उजव्या बाजूला तरंगतं हॉर्नवर्ट. झाडाची पानंही प्रवाह तोडतात आणि मुख्य म्हणजे माशाला टेकायला जागा होते. रात्री तो जावा फर्नच्या पानावर आडवा पडतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्हा दोघांच्याही पोटात गोळा आला होता.

७ जानेवारी २०२४

मुरमुरा ३५ सेकंद. आनंद होण्याआधी लिटर मोजला: १६ सेकंद. फिल्टर चोंदतोय.

बाहीचा स्पंज दर आठवड्याला काढलेल्या पाण्याच्या बादलीत पिळत होतो, तो ठीक निघाला. नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीनने सात आठवड्यांची कमाई जाईल. चोंदली होती ती भोकं. आतून तपकिरी बुळबुळीत थर, काही भोकांची रुंदी निम्म्यावर. खराट्याच्या काड्या घेऊन लेक बसली, तेवीस भोकं मोजून साफ केली आणि तेवीसच का म्हणून विचारलं. दोन बुजवली, एक वाढवलं, हा हिशेब तिने पाटीवर करून खात्री केली. दोन्ही टोकांच्या रिंगा काढून नळीतून बाटली धुवायचा ब्रश फिरवला. टोकं पक्की चिकटवली असती तर हे जमलं नसतं. दुमडून रिंग घालायची शेतातली पद्धत किती शहाणपणाची आहे ते आज कळलं.

साफसफाईनंतर लिटर ११ सेकंद, मुरमुरा २० सेकंद.

१५ जानेवारी, संक्रांत

ताई तिळगूळ घेऊन आली. टाकीसमोर उभी राहिली, नळी, टी, रिंगा, दोरा बांधलेलं लाकूड, सगळं न्याहाळलं. "मी तर सगळं तयार आणलं होतं," म्हणाली. मग, "किल्ला कुठाय?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. किल्ला माळ्यावरून उतरवावा लागला. धुऊन डाव्या कोपऱ्यात ठेवला आणि बघतो तर त्याच्या दरवाजापाशी पाणी अगदी स्तब्ध. शेला पंधरा मिनिटांत आत.

मामांचा फोन झाला. वाचलेले घड बरे आहेत, थोड्याच दिवसांत खुडा होईल. माशाचं विचारलं. नळी दीड मीटर शिल्लक आहे, ती परत आणू का म्हणालो तर म्हणाले राहू दे.

नायट्राइट शून्य. पाणी बदल आठवड्याला सहा लिटर. भोकांची पुढची सफाई २८ जानेवारीला, खराट्याच्या काड्या टाकीमागच्या डब्यात आहेत.